हवेतले आकडे

रात्रीची जेवणे आटोपली की रेडिओजवळ खुर्ची ओढायची आणि शॉर्टवेव्हची सुई अगदी हलक्या हाताने सरकवत राहायचे, हा एके काळी कितीतरी घरांतला नित्यक्रम होता. बुधवारी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, एरवी बीबीसीच्या हिंदी बातम्या, मधूनच मॉस्को आणि पेकिंग. या ओळखीच्या ठिकाणांच्या मधल्या जागेत खरखर असायची, शिट्ट्या असायच्या, कुठल्याशा अनोळखी भाषेतली बडबड असायची. जगभरच्या चिकाटीच्या श्रोत्यांना याच मधल्या जागेत एक विचित्र गोष्ट सापडली. एखादी बाई, चेहऱ्यावरची रेषही हलत नसेल अशा आवाजात, नुसते आकडे वाचते आहे. पाच आकडे, थोडी उसंत, पुन्हा पाच आकडे. बातमी नाही, गाणे नाही, केंद्राचे नाव नाही. अर्धा-पाऊण तास हे चालायचे आणि मग एकदम शांतता.

आकडा म्हटले की मुंबईकराच्या मनात आधी मटक्याचे ओपन-क्लोज येते. पण हा आकडा त्या जातीचा नव्हे. यावर पैसे लागत नव्हते, माणसे लागत होती.

जगात अशा केंद्रांना ‘नंबर स्टेशन’ म्हणतात. शीतयुद्धाच्या काळात ती डझनांनी होती. स्पॅनिश, जर्मन, रशियन, इंग्रजी, चिनी, कोरियन अशा नाना भाषांत ती बोलत. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला. तेव्हा वाटले होते की हा प्रकारही आता संपेल. त्यातली बरीच केंद्रे मुकी झाली हे खरे, पण सगळी नाही. खिशातल्या फोनवरून क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलता येते अशा काळातही काही केंद्रे आपले आकडे वाचतच राहिली. हे कोण करते, कशासाठी करते, आणि आजही का करावेसे वाटते, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. त्यांच्या उत्तरात आपल्याही रोजच्या जगण्याचा एक धागा गुंतला आहे.

कोण बोलते?

या केंद्रांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘लिंकनशायर पोचर’. हे नाव त्याने स्वतः घेतलेले नव्हे, श्रोत्यांनी दिलेले. प्रक्षेपणाच्या सुरुवातीला याच नावाच्या जुन्या इंग्रजी लोकगीताची चाल वाजे, म्हणून हे नाव. नंतर एक बाई इंग्रजीत पाच आकड्यांचा एक संकेत पुनःपुन्हा सांगे आणि त्यानंतर पाच-पाच आकड्यांचे दोनशे गट, प्रत्येक गट दोनदा. गटातला शेवटचा आकडा ती किंचित वरच्या पट्टीत उच्चारी. हे केंद्र १९७० च्या दशकापासून २००८ च्या उन्हाळ्यापर्यंत चालू होते. हौशी श्रोत्यांनी दिशाशोधक अँटेनांच्या साहाय्याने त्याचा माग काढला, तो सायप्रस बेटावरच्या अ‍ॅक्रोटिरी या ब्रिटिश हवाई दलाच्या तळापर्यंत पोचला. ‘चेरी राइप’ नावाचे त्याचे भावंड पूर्व आशियाकडे तोंड करून बोलत असे. तेही २००९ मध्ये बंद पडले. ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याची ही केंद्रे, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. ब्रिटिश सरकारने मात्र ते कधी मान्य केले नाही. १९९८ साली एका लंडनच्या दैनिकाने सरकारी प्रवक्त्याला छेडले, तेव्हा लोकांनी यात गूढ शोधू नये, हे सर्वसामान्यांच्या वापरासाठी नाही, अशा अर्थाचे मोघम उत्तर मिळाले. नाही म्हणता म्हणता होय म्हणण्याचा हा खास सरकारी नमुना.

हा शोध कोणा विद्यापीठाने वा वृत्तसंस्थेने लावला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घरातल्या माडीवर रेडिओ आणि वही घेऊन बसणाऱ्या हौशी माणसांनी वर्षानुवर्षे वेळा टिपल्या, लहरींची नोंद ठेवली. १९९० च्या दशकात ‘एनिग्मा’ नावाच्या अशाच एका मंडळाने या केंद्रांची रीतसर यादी केली. इंग्रजी बोलणाऱ्यांना एक अक्षर, जर्मन बोलणाऱ्यांना दुसरे, मोर्सला तिसरे, असे क्रमांक दिले. १९९७ मध्ये लंडनच्या एका छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेने ‘कॉनेट प्रोजेक्ट’ या नावाने या आवाजांचा चार डिस्कचा संच काढला आणि ही कुजबूज प्रथमच मोठ्या समाजापर्यंत पोचली.

याबद्दल तर्क अनेक झाले. कोणी म्हणाले, ही अमली पदार्थांच्या टोळ्यांची भाषा. कोणी म्हणाले, हवामानाची आकडेवारी. पण विचार करा. हजारो मैल आवाज फेकायचा तर मोठी यंत्रणा लागते, मैदानभर पसरलेल्या अँटेना लागतात, भरपूर वीज लागते. वर्षानुवर्षे ठरल्या मिनिटाला बोलायचे आणि कोणत्याही सरकारने तुम्हाला हात लावायचा नाही, हे टोळीवाल्याला जमणारे नाही. असे काम सरकारच करू शकते. आणि हवामानाची माहिती कोणी कुलूपबंद करून वाचत नाही.

हातचा न घेतलेली बेरीज

हे कुलूप कसे असते ते समजून घेणे अवघड नाही. शाळेतली बेरीज येणाऱ्या कोणालाही ते कळेल.

समजा, एका निरोपाचे आकड्यांत रूपांतर केल्यावर तो ४७१५२ असा झाला. पाठवणाऱ्याजवळ आणि घेणाऱ्याजवळ एकेक छोटी वही आहे. दोन्ही वह्यांत तेच आकडे, त्याच क्रमाने, पण कसलाही नियम न पाळता छापलेले. त्यातला पहिला गट आहे ८६३९०. आता दोन्हींची बेरीज करायची, मात्र हातचा घ्यायचा नाही. चार आणि आठ बारा, त्यातले दोन लिहायचे. सात आणि सहा तेरा, त्यातले तीन. अशा रीतीने २३४४२ हा गट तयार होतो आणि रेडिओवरची बाई तोच वाचते. घेणारा आपल्या वहीतले आकडे त्यातून वजा करतो आणि त्याला मूळ ४७१५२ परत मिळतो. मग दोघेही वहीतले ते पान जाळून टाकतात. पुन्हा ते कधीच वापरायचे नाही.

आता चोरून ऐकणाऱ्या तिसऱ्याची अवस्था पाहा. त्याने २३४४२ लिहून घेतले. वहीत १४४१६ असेल असे धरले तर निरोप निघतो १९०३६. दुसरे काही धरले तर दुसराच निघतो. प्रत्येक संभाव्य निरोपासाठी एक संभाव्य वही असतेच, आणि कोणती खरी हे ठरवायला काही आधार नाही. त्यामुळे जगातला सर्वांत वेगवान संगणक लावला तरी उपयोग शून्य. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने हे १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सिद्ध करून दाखवले. एकदाच वापरायच्या वहीची ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तारायंत्राच्या तज्ज्ञांना अवगत होती.

युक्ती अभंग असली तरी ती पाळणारी माणसे अभंग नसतात. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन फौजा रशियात खोलवर घुसल्या होत्या. त्या धांदलीत सोव्हिएत छपाईखान्याने सुमारे ३५ हजार पाने दुबार छापली. एकच पान दोन निरोपांसाठी वापरले गेले. अमेरिकी तज्ज्ञांनी या एवढ्याशा फटीत बोट घालून पुढे चाळीसेक वर्षे ‘व्हेनोना’ नावाचे काम चालवले. अणुबाँबचे रहस्य मॉस्कोला देणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स १९५० मध्ये याच धाग्यावरून पकडला गेला. रोझेनबर्ग पती-पत्नीला १९५३ मध्ये वीजखुर्चीवर बसवले गेले, त्या प्रकरणाच्या मुळाशीही हेच निरोप होते. व्हेनोनाची कहाणी अमेरिकेने उघड केली ती थेट १९९५ मध्ये.

कोर्टात उलगडलेले आकडे

हे आकडे खरोखर हेरांसाठीच असतात, हा बराच काळ केवळ तर्क होता. त्याला पुरावा मिळाला तो क्युबाच्या कृपेने. ‘आतेन्सियोन’ म्हणजे ‘लक्ष द्या’ अशी हाक देऊन स्पॅनिशमध्ये आकडे वाचणारे एक केंद्र हवानाच्या बाजूने येई. सप्टेंबर १९९८ मध्ये मायामीत अमेरिकी पोलिसांनी क्युबाच्या हेरांचे एक जाळे पकडले. त्याआधी एफबीआयने त्यांच्या घरात गुपचूप शिरून संगणकातला उलगड्याचा कार्यक्रम नकलून घेतला होता. त्यामुळे हवेतले आकडे नुसते ऐकायचे राहिले नाहीत, वाचताही येऊ लागले. खटल्यात काही निरोप मांडले गेले. त्यांत कामाच्या सूचना होत्या, तशाच महिला दिनानिमित्त स्त्री-सहकाऱ्यांना शुभेच्छाही होत्या. हेरखातेही शेवटी एक कचेरीच असते, याची ती साक्ष.

याहून चटका लावणारी कथा आना बेलेन मोंटेस हिची. अमेरिकी लष्करी गुप्तवार्ता खात्यात ती क्युबाविषयीची नामांकित विश्लेषक होती. दिवसभर ती सरकारी कचेरीत काम करी आणि रात्री घरी शॉर्टवेव्ह रेडिओ कानाला लावून हवानाचे आकडे उतरवून घेई. आकडे लॅपटॉपमध्ये भरले की निरोप मिळे. काम झाले की सगळे पुसून टाकायचे, अशी तिला ताकीद होती. पुसण्यात कुठेतरी कसूर राहिली. २००१ मध्ये एफबीआयने तिच्या लॅपटॉपची नक्कल केली, तेव्हा त्यात जुन्या आकड्यांचे अवशेष सापडले आणि ते १९९९ मध्ये हवेतून ऐकलेल्या आकड्यांशी जुळले. २१ सप्टेंबर २००१ रोजी तिला अटक झाली, पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सुटली. तिची सख्खी बहीण एफबीआयमध्ये भाषांतराचे काम करीत होती आणि मायामीच्या त्या क्युबन जाळ्याच्या तपासातही ती होती. एकाच आईच्या दोन मुली, एक आकडे लिहून घेणारी, दुसरी ते लिहून घेणाऱ्यांच्या मागावर. दोघी सणासुदीला एका टेबलाशी जेवत असतील तेव्हाचे ते चित्र कोणत्याही हेरकथेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीत एक जोडपे पकडले गेले. वीसहून अधिक वर्षे ते चारचौघांसारखा संसार करीत होते. प्रत्यक्षात दोघे रशियासाठी काम करीत. पोलीस घरात शिरले तेव्हा बाई शॉर्टवेव्हच्या यंत्रासमोरच बसली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. गणित कोणी फोडले नाही. माणसाच्या हातून काहीतरी राहून गेले.

बोलणारा सापडतो, ऐकणारा नाही

गुप्त रेडिओची जोखीम कोणाच्या वाट्याला येते हे मुंबईला चांगले ठाऊक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहरातून ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत फिरत होत्या आणि हे तरुण सामान उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत होते. नोव्हेंबरात धाड पडली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. पण तोच रेडिओ घराघरांत चोरून ऐकणाऱ्यांना शोधायला पोलिसांजवळ तसा काही उपाय नव्हता. लहर सोडणारा आपला पत्ता सोबत सोडतो. लहर झेलणारा काहीच सोडत नाही.

नंबर स्टेशनचे सारे शहाणपण या एका वाक्यात आहे. बोलणारा स्वतःच्या देशात, सैन्याच्या पहाऱ्यात निर्धास्त बसलेला असतो. ऐकणारा शत्रूच्या शहरात असतो आणि त्याला तोंड उघडावेच लागत नाही. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, म्हणून त्या समुद्र ओलांडू शकतात. ऐकायला लागणारा रेडिओ कोणत्याही दुकानात मिळतो. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने फ्रान्समधल्या भूमिगतांना असेच निरोप दिले होते. लाखो लोक ती निरर्थक वाटणारी वाक्ये ऐकत, अर्थ मोजक्यांनाच कळे.

इंटरनेटच्या काळात कशाला?

मग इंटरनेट आल्यावर ही जुनी खटपट का टिकली? याचे उत्तर रक्ताने लिहिलेले आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मे २०१७ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार २०१० च्या अखेरीपासून २०१२ पर्यंत चीनमध्ये सीआयएचे किमान डझनभर खबरी मारले गेले, आणखी काही तुरुंगात गेले. कारणांबद्दल तपास करणाऱ्यांतच मतभेद होते. कोणी घरभेद्याकडे बोट दाखवले, कोणी निरोपांच्या गुप्त व्यवस्थेकडे. पुढच्या वर्षी आलेल्या वृत्तांत इंटरनेटवरून चालणारी ती व्यवस्था आधी इराणमध्ये उघडकीस आल्याचे म्हटले होते. इंटरनेटवर निरोप वाचायला जाणारा माणूस दरवाजा उघडून आत जातो, आणि दरवाजावर त्याच्या बोटांचे ठसे राहतात. कोण गेला, किती वाजता, कुठून, सगळे कुठेतरी नोंदले जाते. निरोप कुलूपबंद असला तरी तो कोणी उचलला हे कळते, आणि फाशी द्यायला तेवढे पुरते.

दुसरे उदाहरण ताजे आहे. मोबाइल फोनमुळे ठावठिकाणा कळतो म्हणून लेबनॉनच्या हिजबुल्लाने आपल्या माणसांना पेजर दिले. पेजर फक्त ऐकतो, बोलत नाही. हिशेब नंबर स्टेशनचाच होता. पण १७ सप्टेंबर २०२४ रोजी ते हजारो पेजर एकाच वेळी फुटले, कारण इस्रायलने ते बनतानाच त्यांत स्फोटके भरली होती. मृतांत लहान मुलेही होती. खास मागवलेल्या वस्तूत शत्रू शिरू शकतो. गल्लीतल्या दुकानातून उचललेल्या साध्या रेडिओत शिरायचे, तर त्याला देशातला प्रत्येक रेडिओ पोखरावा लागेल. जुन्या तंत्राचे बळ त्याच्या सामान्यपणात आहे.

प्रत्येक आकड्यात अर्थ असतो का?

येथे एक सावधगिरी हवी. आकडे वाचले जातात म्हणजे निरोप असतोच असे नाही. लिंकनशायर पोचरची बाई दररोज नेमके दोनशे गट वाचायची, कमी नाही की जास्त नाही. एखाद्या दिवशी सांगण्यासारखे काही नसेल तर पोकळ आकडे भरायचे. नाहीतर शत्रू आकडे न उलगडताही ओळखेल, की आज निरोप लांबला, काहीतरी शिजते आहे.

उत्तर कोरियाने या पोकळपणाचेच शस्त्र केले असावे. २००० सालच्या सुमारास थांबवलेले आकडे प्योंगयांगच्या रेडिओने २०१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू केले. निवेदिका सत्तावीस क्रमांकाच्या पथकाला भौतिकशास्त्राच्या उजळणीचा गृहपाठ देत असल्यासारखी पाने आणि प्रश्नांचे क्रमांक वाचू लागली. दक्षिण कोरियात तर्कवितर्कांना ऊत आला. खरे हेर कामाला लागले, की शेजाऱ्याच्या पोलिसांना नुसते दमवायचे होते? दोन्ही शक्य आहे, आणि खर्चाच्या मानाने दुसरा डाव स्वस्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिणेशी एकीकरणाची भाषाच सोडून देताना उत्तर कोरियाने ते केंद्रही बंद केले.

रशियाच्या ४६२५ किलोहर्ट्झवरच्या ‘बझर’चीही अशीच दंतकथा झाली आहे. हे केंद्र काही दशके सतत घुंईऽ घुंईऽ करीत आहे आणि अधूनमधून कोणी काही शब्द व आकडे वाचते. घुंई थांबली की अणुयुद्ध, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जाणकारांच्या मते ही रशियन सैन्याची नित्याची वाहिनी आहे, जागा अडवून ठेवण्यासाठी ती आवाज करते. जानेवारी २०२२ मध्ये कोण्या खोडसाळाने याच लहरीवर ‘गंगनम स्टाइल’ वाजवले, तरी जग बुडाले नाही.

आपला संबंध

हेरांच्या या भानगडीशी आपला काय संबंध, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. संबंध आहे तो ऐकण्याच्या स्वातंत्र्याशी.

गेल्या काही वर्षांत शॉर्टवेव्ह झपाट्याने ओस पडत गेली. बीबीसीचे हिंदी शॉर्टवेव्ह प्रक्षेपण जानेवारी २०२० मध्ये थांबले. खर्च फार, श्रोते थोडे, हे कारण खोटे नव्हते. पण मार्च २०२२ मध्ये रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्यावर त्याच बीबीसीने त्या भागासाठी दोन नव्या शॉर्टवेव्ह लहरी सुरू केल्या. मनोरे पडतात, तारा तुटतात, सरकारे एका कळीने इंटरनेट बंद करतात. साध्या रेडिओला यातले काही लागत नाही. आपल्याकडेही दंगल, परीक्षा, आंदोलन या निमित्तांनी इंटरनेट कितीदा बंद होते, हे काश्मीरपासून राजस्थानपर्यंतच्या लोकांना विचारावे.

एके काळी आपल्याकडे रेडिओला पोस्टातून लायसन काढावे लागे, दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेवर तिकिटे लावावी लागत. रेडिओ कोणाच्या घरात आहे हे सरकारला ठाऊक होते. त्यावर तो काय ऐकतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. आणीबाणीत कित्येकांनी देशातल्या बातम्यांसाठी बीबीसीची सुई गाठली, ती याच भरवशावर. आज लायसन गेले, पैसे गेले, आणि तो भरवसाही गेला. आपण कोणती बातमी उघडली, किती वेळ वाचली, कुठे थांबलो, याची नोंद आपल्यापेक्षा दुसऱ्याच कोणाजवळ अधिक चोख असते.

जगातल्या बलाढ्य हेरखात्यांनी एक गोष्ट ओळखली आहे. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला माग न ठेवता ऐकता आले पाहिजे, आणि त्यासाठी आजही रेडिओसारखे साधन नाही. जी सोय सरकारे आपल्या हेरांसाठी लाखो रुपयांची वीज जाळून सांभाळतात, ती सामान्य नागरिकाकडून गाजावाजा न होता निघून चालली आहे. माळ्यावर जुना रेडिओ पडला असेल तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा सेल घालून बघा. रात्री घरातले दिवे मालवल्यावर सुई सावकाश फिरवा. आकडे ऐकू येतील की नाही सांगता येत नाही. पण तुम्ही काय ऐकलेत, हे कोणालाही कळणार नाही.